लेकीच्या मापाची रायफल

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी आई जुळे सोलापुरात राहते. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. धाकटा मुलगा चार वर्षांचा. यंदा गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर, फुगे फोडायच्या स्टॉलवर मुलीनं दहातले नऊ फुगे फोडले. दहावा का चुकला, हे ती पुढे दोन दिवस विचारत होती. तेव्हापासून घरात हाच विषय आहे. नवऱ्यानं वाढदिवसाला एअर रायफल घ्यायचं ठरवलंय. दुकानदारानं एक जोरदार रायफल दाखवली, वर दुर्बीण फुकट. नवऱ्याचं म्हणणं, "लहान पोरीला साध्या साइटमधून, नेम धरायच्या खाचेतून, काय दिसणार? दुर्बीण असली की लगेच जमेल. आणि मोठीच घेतली तर कॉलेजपर्यंत पुरेल. गच्चीवर शेंगा वाळत घातल्या की साळुंक्या येतात, त्याही हाकलता येतील." सासरे राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेले. ते म्हणतात, दुर्बिणीवर शिकलेल्याला नेम येत नाही, ओपन साइटच पाहिजे. टेक्सासमधल्या दिरानं आपल्या सात वर्षांच्या मुलाला .२२ ची रायफल घेऊन दिली आहे आणि व्हिडिओ कॉलवर तो या सगळ्यांना घाबरट म्हणतो. शेवटी ताई विचारतात: "कोणती रायफल घ्यावी, कोणती साइट घ्यावी, की घेऊच नये? घरात बंदूक येणार म्हणून माझ्या पोटात गोळा येतो. हे माझं भित्रेपण आहे का?"

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. हे भित्रेपण नाही. स्पर्धेतली एअर रायफल दुकानातल्या बऱ्याच रायफलींपेक्षा मवाळ असते, तरी तिचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं निघतो. त्यानं डोळा जातो. तुमच्या घरात चार वर्षांचं एक लेकरू मोकळं फिरतंय. अशा घरात आईच्या पोटात गोळा आला नाही, तर मला काळजी वाटली असती.

पण त्या भीतीला काम द्या. तुमच्या सासऱ्यांना विचारा, त्यांच्या नोकरीत रायफल कशी ठेवली जायची. ती कोतातून, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या कुलूपबंद खोलीतून, नोंद करून निघायची आणि मोजून, तपासून पुन्हा कोतात जायची. वीस-पंचवीस वर्षं रायफल हाताळलेला हवालदारसुद्धा ती खाटेखाली ठेवत नसे. तुमच्या घरातही तसंच कोत करा. लोखंडी कपाटाचा एक कप्पा, त्याला कुलूप. छर्रे दुसऱ्या ठिकाणी, तेही कुलपात. किल्ली तुमच्याकडे. नवऱ्याकडे नाही, सासऱ्यांकडे नाही. घरात ज्याला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, किल्लीला सगळ्यात जास्त तोच जपतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. ही अट मान्य होत नसेल तर रायफल घेऊ नका. मग पुढचं पत्र वाचायचीही गरज नाही.

आता फुग्यांकडे येऊ. स्टॉलवरचा फुगा चार-पाच पावलांवर असतो आणि तळहाताएवढा असतो. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत जे टार्गेट असतं, त्याचा काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा आणि मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. त्यामुळे दहात नऊ फुगे म्हणजे जन्मजात नेम, असं मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रातली जी ओळ मी दोनदा वाचली ती वेगळी आहे. दहावा का चुकला, हे ती दोन दिवस विचारत होती. फुटलेल्या नऊ फुग्यांवर खूश होऊन गप्प बसणारी मुलं पुष्कळ असतात. न फुटलेल्या एकाचं कारण शोधणारं मूल विरळा. मुलीत काही असेल तर ते इथं आहे. त्याला खतपाणी घालायला जोरदार रायफल लागत नाही.

तुमचे यजमान म्हणतात मोठी घेतली की कॉलेजपर्यंत पुरेल. शाळेचा गणवेश आपण दोन बोटं मोठा शिवतो, खाली दुमड घालतो, पुढच्या वर्षी उसवतो. रायफलीला अशी दुमड घालता येत नाही. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, लांब असला की मुलीला मान पुढे ताणावी लागते, डोळा साइटपर्यंत पोचत नाही, खांदा मागे पडतो. वजन जास्त असलं की ती कमरेतून मागे वाकते, कारण तोल सांभाळायचा दुसरा मार्गच नसतो. मी शिकवत होते त्या काळात एक मुलगा नऊ वर्षांचा असताना वडिलांची पूर्ण मापाची रायफल घेऊन यायचा. तीन महिने तो असाच कमरेतून वाकून उभा राहिला. त्याची पाठ दुखायला लागली, आणि नेमबाजी म्हणजे पाठदुखी असं त्याच्या मनात बसलं. तो परत आला नाही. मला ते वेळीच थांबवायला हवं होतं. वडिलांचा उत्साह मोडायचा धीर तेव्हा झाला नाही, याची रुखरुख अजून आहे. म्हणून तुमच्या यजमानांना मी स्पष्ट सांगते: मोठी घेऊ नका.

माप कसं बघायचं? दुकानात मुलीला घेऊन जा. रायफल रिकामी आहे हे दुकानदाराकडून तुमच्या डोळ्यांसमोर दाखवून घ्या. तिचा उजवा हात कोपरात काटकोनात वाकवा, दस्त्याचं टोक कोपराच्या खळग्यात टेकवा आणि बघा, तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर येतं का. बोट ताणावं लागलं तर दस्ता लांब आहे. काही रायफलींचा दस्ता मागच्या पट्ट्या काढून आखूड करता येतो, काही मुलांसाठीच आखूड बनवलेल्या असतात. पट्ट्यांची मिळाली तर तीच घ्या, कारण मुलगी वाढेल तशा पट्ट्या परत घालता येतात. पुढची वर्षं पुरायची सोय हवी असेल तर ती अशी मिळते.

वजनाचा अंदाज घरी घ्या. पिशवीत अडीच किलो शेंगा भरा आणि तिला ती डाव्या हातावर, कोपर बरगडीला टेकवून, सावकाश वीस आकडे धरायला सांगा. बाजारातल्या साध्या स्प्रिंगच्या रायफली साधारण अडीच ते साडेतीन किलोच्या असतात. स्पर्धेच्या रायफलीला साडेपाच किलोची कमाल मर्यादा आहे आणि मोठ्या नेमबाजांच्या रायफली चार-पाच किलोच्या असतात. तुमची मुलगी दहा आकड्यांना डगमगली तरी त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. ती आठ वर्षांची आहे. तिनं पुढची दोन-तीन वर्षं रायफल टेबलावर, वाळूच्या पिशवीवर टेकवून मारायची, एवढाच त्याचा अर्थ. उभं राहून मारण्याची घाई करू नका.

तिसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या रायफलीला कॉक करायला, म्हणजे नळी दाबून आतली स्प्रिंग ताणायला, चांगला जोर लागतो, आणि रायफल जितकी जोरदार तितका तो वाढतो. आठ वर्षांच्या मुलीला ते झेपत नाही. ती गुडघ्यात धरून, नळी जमिनीकडे दाबून, नको ते प्रकार करते. अर्धवट दाबलेली नळी हातातून सुटली तर झपकन वर येते, आणि तेव्हा छर्रा बसवणारं बोट मध्ये असलं तर ते फुटतं. म्हणून प्रत्येक वेळी मोठ्या माणसानंच कॉक करायचं, छर्रा बसवून नळी बंद होईपर्यंत ती हातानं धरून ठेवायची. दुकानात दाखवलेल्या जोरदार रायफलीला माझा विरोध आहे तो मुख्यतः यामुळे. दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला जोर लागतच नाही. जास्त जोर म्हणजे जास्त झटका, आणि स्प्रिंगच्या रायफलीचा झटका दोन्ही दिशांना बसतो. छर्रा नळीत असतानाच रायफल हलते. मूल शिकतंय त्या वेळी चूक तिची की रायफलीची, हे कळायला पाहिजे. तुमच्या मुलीला तर तेच कळायला हवंय.

कायद्याचं एक वाक्यात: २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० ज्यूलच्या आतल्या, ४.५ मिलिमीटर छर्र्याच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, त्याहून जोरदार किंवा मोठ्या छर्र्याची घेतली तर लागतो. ओळखपत्र दाखवून, पक्कं बिल घेऊन खरेदी करा आणि ते बिल रायफलीच्या कप्प्यातच ठेवा.

भाऊजींच्या .२२ बद्दल. तिकडचे कायदे वेगळे, जमीन वेगळी, रान वेगळं. .२२ ची गोळी दारूनं उडते आणि मोकळ्यावर दीड किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. आपल्याकडे ते अग्निशस्त्र आहे, परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही. त्यामुळे तुलना तिथेच संपते. पण त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र जरूर घ्या. तिकडे लहान मुलांसाठी ज्या .२२ रायफली मिळतात त्या आखूड दस्त्याच्या, हलक्या, एका वेळी एकच गोळी बसणाऱ्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याच पीप साइटच्या, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायच्या, असतात. म्हणजे ज्या देशात बंदुकांची ददात नाही तिथेही लहान मुलाच्या हाती जोर आणि दुर्बीण आधी देत नाहीत. पुढच्या व्हिडिओ कॉलवर त्यांना त्यांच्या मुलाच्या रायफलीची साइट दाखवायला सांगा.

आता साइट. तुमच्या घरातलं खरं भांडण इथं आहे, आणि दोघंही अर्धे बरोबर आहेत.

ओपन साइट म्हणजे मागे खाच आणि पुढे दांडी. खाचेच्या मधोमध दांडी, दोन्हींचे माथे एका रेषेत, आणि त्यावर टार्गेटचा काळा गोल टेकलेला. ऐकायला सोपं आहे. पण या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या अंतरांवर आहेत आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघतो. सासरे सांगतील की बघायचं फोरसाइटकडे, म्हणजे पुढच्या दांडीकडे, टार्गेट जरा धुरकट दिसलं तरी चालेल. बरोबर आहे. मोठ्या माणसाला हे सांगून पटतं. आठ वर्षांचं मूल मात्र ज्या गोष्टीला मारायचंय तिच्याकडेच बघणार, हे स्वाभाविक आहे. मग खाच आणि दांडी कुठं गेली याचा पत्ता राहत नाही, आणि छर्रे कागदभर पसरतात. काही मुलं यातून महिन्याभरात बाहेर येतात. काही रडकुंडीला येतात.

दुर्बिणीत हा घोळ नाही. टार्गेट आणि त्यावरची फुली एकाच ठिकाणी दिसतात. यजमानांचं "लगेच जमेल" इथून आलंय, आणि त्यात तथ्य आहे. पण दुर्बिणीचे तोटे मोजा. एक, वजन, तेही वर, जिथं तोल जातो. दोन, डोळा तिच्यापासून ठराविक अंतरावर आणि बरोबर मधोमध नसला की कडा काळ्या होतात, आणि मुलाची मान काही एका जागी राहत नाही. तीन, स्वस्त दुर्बिणी लांबच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात. दहा मीटरवर चित्र धूसर येतं आणि डोळा जरा सरकला की फुली टार्गेटवरून सरकल्यासारखी वाटते. चार, स्प्रिंगच्या दोन्हीकडच्या झटक्यानं अशी फुकटची दुर्बीण लवकर ढिली होते. पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते पाचवं. दुर्बीण मुलीच्या हाताचं हलणंही मोठं करून दाखवते. फुली टार्गेटवरून सारखी इकडून तिकडे जाते, आणि फुली मधोमध आली त्या क्षणी मूल ट्रिगर हिसकतं. ही हिसकण्याची सवय एकदा लागली की काढायला वर्ष जातं. आणि दहा मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दुर्बीण चालतच नाही.

या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे पीप साइट. मागे खाचेऐवजी बारीक भोकाची चकती, पुढे दांडी किंवा गोल कडी. भोकातून बघताना डोळा आपोआप मधोमध जातो, त्याला सांगावं लागत नाही. म्हणजे तीनपैकी एक काम डोळा स्वतःच करून टाकतो. मुलीला एवढंच सांगायचं, "कडीत काळा गोल बसव, आणि सगळीकडे सारखी पांढरी फट दिसू दे." आठ वर्षांच्या मुलीला "सारखी फट" लगेच कळते, कारण ती चित्रात रंग भरते.

हे पटत नसेल तर घरात आज करून बघा. जुन्या लग्नपत्रिकेला जाड सुईनं एक भोक पाडा. ते डोळ्याला लावून भिंतीवरचं कॅलेंडर बघा. तुम्हाला चष्मा असेल तर चष्मा काढून बघा. अक्षरं जरा अंधारी पण जास्त स्पष्ट दिसतील. बारीक भोकातून प्रकाशाचे मोजकेच किरण येतात, म्हणून जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट राहतं. पीप साइटचं सगळं रहस्य एवढंच. मुलीला आणि सासऱ्यांना एकाच वेळी दाखवा. सासऱ्यांना कदाचित मुलीपेक्षा जास्त आवडेल, कारण साठीनंतर फोरसाइट स्पष्ट दिसत नाही हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नसतं.

तरीही ओपन साइटला मी नाकारत नाही. शालेय स्पर्धांत ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे गट असतात, त्यामुळे ओपन साइटवर सुरुवात करणारं मूल मागे राहत नाही. खर्चाचा फरकही मोठा आहे. आपल्याकडे बनलेली ओपन साइटची स्प्रिंगची रायफल काही हजारांत येते. पीप साइटसकट स्पर्धेची परदेशी रायफल दीड-दोन लाखांच्या पुढे जाते आणि आठव्या वर्षी ती घेणं मला चुकीचं वाटतं, पैसे असले तरी. दहाव्या वर्षी तिला कथक आवडलं तर? तो तिचा हक्क आहे. दोन लाखांची रायफल कपाटात असली की तो हक्क घरातले सगळे नकळत काढून घेतात.

म्हणून माझं मत असं. नेमबाजी शिकवतात त्या रेंजवर पीप साइटची हलकी रायफल मिळत असेल तर तिच्यावरच सुरुवात. घरी घ्यायची वेळ आलीच तर मवाळ, आखूड दस्त्याची, साध्या काळ्या दांडीच्या ओपन साइटची. वरच्या बाजूला ११ मिलिमीटरची खाच आहे का ते बघा, कारण पुढे तिच्यावर पीप साइट बसवता येते. लाल-हिरव्या चमकत्या ठिपक्यांची साइट टाळा. मुलांना ती फार आवडते, पण दहा मीटरवर तो ठिपका काळ्या गोलाएवढा मोठा दिसतो आणि मागचं टार्गेट झाकून टाकतो. दुर्बीण मी एकाच परिस्थितीत चालवून घेईन: मुलीच्या नजरेत दोष असेल आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी साध्या साइटवर ताण येईल असं सांगितलं असेल तर. फुकट मिळते म्हणून नाही. ती दुर्बीण दुकानदाराकडेच राहू द्या आणि त्याऐवजी डोळ्यांच्या संरक्षणाचे चार चष्मे मागा. शेजारी उभा राहणाऱ्यालाही चष्मा लागतो.

पण ताई, खरेदी ही सुरुवात आहे हे तुमच्या घरात सगळ्यांनीच धरलंय. मला ते मान्य नाही. पहिले तीन महिने रायफल आणूच नका. तुमच्या घरात एक माणूस आहे ज्यानं आयुष्यभर हेच केलं, आणि त्याच्याकडे रायफल नसताना शिकवायची पद्धतही आहे.

सासऱ्यांना त्रिकोणाचा सराव आठवत असेल. नसेल तर तो असा. एका पाटावर दोन खिळे आणि एक पुठ्ठ्याची चकती लावून खोटी साइट करायची, मागे भोक, पुढे कडी. पाट टेबलावर पक्का बसवायचा, हलता कामा नये. समोर पाच मीटरवर भिंतीला कोरा कागद. आजोबा भिंतीपाशी उभे राहतात, त्यांच्या हातात काळ्या कागदाची गोल टिकली, मधोमध भोक. नात साइटमधून बघते आणि सांगते, "डावीकडे, अजून, जरा वर, थांबा." टिकली बरोबर कडीत बसली की आजोबा भोकातून पेन्सिलीनं खूण करतात. टिकली काढून घ्यायची, पुन्हा पहिल्यापासून. अशा तीन खुणा. तीन खुणा जोडून जो त्रिकोण होतो तो जितका लहान, तितकी नजर पक्की. पहिल्या दिवशी त्रिकोण समोशाएवढा येईल. महिन्याभरात तो शेंगदाण्याएवढा झाला, की तिला नेम म्हणजे काय ते कळलं. एकही छर्रा न उडवता. प्रत्येक त्रिकोण वहीत तारीख घालून चिकटवा. दहावा फुगा का चुकला, याचं उत्तर ती तिथे स्वतः शोधेल.

या खेळातच नियम मुरवा, कारण खोट्या साइटवर न पाळलेले नियम खऱ्या रायफलीवर पाळले जात नाहीत. नळी नेहमी टार्गेटकडे. नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असं धरायचं. "थांबा" असं कुणीही म्हणालं, अगदी धाकट्या भावानं म्हटलं, तरी थांबायचं. हा शेवटचा नियम मी फार महत्त्वाचा मानते. मोठ्यांच्या हुकमावर मुलं थांबतात. लहान भावाच्या शब्दावर थांबणं शिकवावं लागतं.

दरम्यान जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन शहरात एअर रायफलचं प्रशिक्षण कुठं चालतं ते विचारा. बऱ्याच ठिकाणी दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं घेतात. नाही घेतलं तरी एक तास बसून बघायला परवानगी मागा. काय बघायचं? भरताना, बोलताना, मागे वळताना मुलांच्या रायफलींची नळी कुठं असते. रायफल खाली ठेवल्यावर नळीत रंगीत दोरी घालतात का, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. लहान मुलांसाठी आखूड दस्ता आणि टेकायला स्टँड आहे का. आणि प्रशिक्षक किती वेळा ओरडतो. नेमबाजी हा शांत माणसाचा खेळ आहे. जिथं आरडाओरडा आहे तिथं मुलगी शिकेल ते वेगळंच काही.

घाई नाही, हे यजमानांना पटवायला एक उदाहरण देते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून या खेळात आला तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता. २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्यानं ब्राँझ मिळवलं. नोकरी मध्य रेल्वेत, तुमच्या स्टेशनावरून रोज ज्यांच्या गाड्या जातात त्यांच्याकडे. अंजली भागवत तर एनसीसीतून या खेळात आल्या आणि २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. मी स्वतः एनसीसीत पहिल्यांदा रायफल धरली. आठ वर्षांच्या मुलीचा एकही दिवस वाया चाललेला नाही.

तीन महिन्यांनंतरही ती त्रिकोणाची वही घेऊन मागे लागत असेल, तेव्हा घरात जागा ठरवा. गच्ची नाही. रो-हाउसच्या गच्चीवरून सुटलेला छर्रा शेजारच्या गच्चीत जातो. आतली लांब खोली किंवा बोळ, जिथं टार्गेटच्या आजूबाजूला एकही दार उघडत नाही. पाच मीटर मिळाले तरी पुरे. अंतर कमी असलं तर टार्गेटही त्या प्रमाणात लहान छापून लावता येतं, पण पहिल्या महिन्यात मोठंच ठेवा. टार्गेटमागे लोखंडी पत्र्याची तिरकी पेटी हवी, जी छर्रा खाली पाडते. तिच्या मागे जुन्या दोन-तीन सोलापुरी चादरी दांडीवर सैल लोंबत्या टांगा. पेटी चुकलेला छर्रा सैल चादर सोसून घेते, ताणलेली चादर फाटते. चादर ही पेटीच्या मागची पेटी आहे, पेटीऐवजी नाही. नुसत्या भिंतीवर, फरशीवर, दगडावर कधीच मारायचं नाही. गोल पोलादी गोळ्या घेऊ नका, त्या उसळून परत येतात. पुढून चपटे शिशाचे छर्रेच घ्या. आणि शिसं विषारी आहे. सराव झाला की साबणानं हात धुवायचे, मगच भडंग. पडलेले छर्रे मोजून उचला. चार वर्षांच्या मुलाच्या तोंडात जाणारी ती नेमकी वस्तू आहे.

एका वेळी पंधरा-वीस छर्रे, आठवड्यातून दोनदा, याहून जास्त नको. थकलेलं मूल चुका पक्क्या करतं. आणि पहिले काही दिवस काळा गोल लावूच नका, कोऱ्या कागदावर मारू द्या. गुण मोजायला काही नसलं की ती छर्रे एकमेकांजवळ पडले का, एवढंच बघते. तेच बघायला पाहिजे.

साळुंक्यांचं मात्र मला राहवत नाही. यजमानांनी ते सहज म्हटलं असेल. पण पक्ष्यांवर छर्रा मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, आणि ते राहू द्या, मुलीनं काय शिकावं ते बघा. तुमच्या शहरापासून नान्नज लांब नाही. माळढोक वाचवण्यासाठी राखलेलं ते माळरान आहे आणि तिथला माळढोक आज दिसेनासा झालाय. एकदा तिला तिथं घेऊन जा, सोबत दुर्बीण घेऊन. दुकानदाराची नाही, पक्षी बघायची. शेंगांवर जुनी ओढणी टाका, साळुंक्या येणार नाहीत.

वाढदिवसाला काय द्यायचं हा प्रश्न उरतो. संरक्षणाचा एक चष्मा, तिच्या चेहऱ्याच्या मापाचा. एक जाड वही. आणि आजोबांनी स्वतः खिळे ठोकून केलेला पाट. यजमानांना हे कमी वाटेल, त्यांनी मनात रायफल धरली आहे. त्यांना सांगा की पाटावर कडी बसवायचं काम त्यांचं आहे, आणि ती कडी चारही बाजूंनी सारखी गोल नसेल तर मुलगी पकडेल.

एक गोष्ट या आठवड्यात करून मला कळवा. मुलीला दोन्ही हात लांब करून दोन तळव्यांमध्ये लहान त्रिकोणी फट धरायला सांगा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून तिनं समोरचं घड्याळ बघायचं. मग एकेक डोळा झाका. उजवा डोळा झाकल्यावर घड्याळ फटीतून नाहीसं झालं तर तिचा नेमाचा डोळा उजवा. डावा झाकल्यावर नाहीसं झालं तर डावा. ती लिहिते उजव्या हातानं असं तुम्ही पत्रात सांगितलंय, पण हात आणि डोळा जुळतातच असं नाही. डावा निघाला तर दस्ता, कॉक करायची बाजू आणि पाटावरची चकती, तिन्हींचा विचार वेगळा करावा लागतो. ते पुढच्या पत्रात सांगते.